नीरा, वाल आणि विकरे : कमला सोहोनी यांच्या संशोधनाचा एक मागोवा

खानवेल परिसरातील आपल्या जुन्या मराठी घरांतून इतिहासाचा विषय निघाला की तो बहुधा चार-दोन तारखांभोवती फिरतो. 1772 साली मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांच्या 'सांताना' या जहाजाचे नुकसान केले. त्याच्या भरपाईपोटी 17 डिसेंबर 1779 च्या तहान्वये पेशव्यांनी सालीना 12,000 रुपये वसुलीचा मुलूख पोर्तुगीजांना देऊ केला. 1783 साली नगर हवेली प्रत्यक्ष त्यांच्या हवाली झाली. आणि 2 ऑगस्ट 1954 रोजी सिल्वासा मुक्त होऊन, खानवेलकडे माघार घेतलेल्या कॅप्टन फिदाल्गोने 11 ऑगस्टला शरणागती पत्करली. या तारखा आपल्याला तोंडपाठ असतात आणि तशा त्या असाव्यातही. परंतु प्रदेशाचा इतिहास केवळ तहनाम्यांत आणि ध्वजस्तंभांवरच असतो असे नाही. त्याचा काही भाग झाडावर टांगलेल्या गाडग्यात असतो, तर काही स्वयंपाकघरात रात्रभर भिजत पडलेल्या कडधान्यात. प्रस्तुत लेखात त्या दुसऱ्या इतिहासाकडे पाहावयाचे योजिले आहे.

प्रारंभी एक घरगुती आठवण सांगतो. आमच्या लहानपणी साकरतोडच्या पलीकडच्या पाड्यावरून एक वारली गृहस्थ थंडीच्या दिवसांत पहाटे नीरा घेऊन येत असत. आम्ही मुले त्यांना काका म्हणत असू. आजोबा ओटीवर बसून पेल्यातील पहिला घोट स्वतः घेत आणि मगच ती आम्हाला मिळे. एके दिवशी काकांना यावयास उशीर झाला. हिवाळा सरत आला होता आणि ऊन चांगले वर आले होते. आजोबांनी घोट घेतला, तोंड वाकडे केले आणि ही नीरा नव्हे, ताडी आहे, तू आम्हाला फसवतोस, असे म्हणून गाडगे परत पाठविले. त्या दिवसाचे पैसे दिले नाहीत. काकांनी एवढेच सांगितले की गाडगे पहाटेच उतरविले होते; वाटेत ऊन लागले, त्याला ते काय करणार? पुढे ते आमच्या दारी आले नाहीत. त्या गाडग्यात त्या दोन-तीन तासांत नेमके काय घडले होते, हे कळावयास मला पुष्कळ वर्षे लागली. आणि ते कळले तेव्हा त्या सकाळचा न्याय चुकीचा झाला होता, हेही कळून चुकले.

किण्वापासून विकरापर्यंत

गोड रस आंबतो, दुधाचे दही होते, भिजलेल्या धान्याला गोडी येते, ही माहिती मनुष्याला हजारो वर्षांची आहे. कौटिलीय अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात 'किण्व' हा शब्द येतो आणि ते कसे तयार करावे याची कृतीही येते. आपल्या घरातील 'विरजण' हा शब्द त्याच अनुभवाचा. थोडेसे विरजण पुष्कळ दुधाला बदलून टाकते. म्हणजे स्वतः अल्प असून मोठा पालट घडवून आणणारे काहीतरी त्यात आहे, एवढे आपल्या आजी-पणजींना ठाऊकच होते. ते 'काहीतरी' कोणते, हा प्रश्न मात्र एकोणिसाव्या शतकापर्यंत मोकळाच राहिला.

1833 साली पायें आणि पेर्सो या दोघा फ्रेंच रसायनज्ञांनी मोड आलेल्या जवापासून एक द्रव्य वेगळे काढले. ते अत्यल्प प्रमाणात घातले तरी पिठाच्या खळीतील स्टार्चचे साखरेत रूपांतर करी. त्याला त्यांनी 'डायास्टेज' असे नाव दिले. 1836 साली श्वान याने जठररसातील 'पेप्सिन' ओळखले. यानंतर पाश्चर यांनी यीस्टसारख्या सजीवांमुळेच मद्यार्क तयार होतो हे प्रयोगांनी दाखविले, आणि आंबण्याची क्रिया जीवनापासून वेगळी करता येणार नाही असा समज दृढ झाला. जर्मन शरीरशास्त्रज्ञ क्यूने यांनी 1870 च्या दशकात 'यीस्टमध्ये असलेले' या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून 'एन्झाइम' ही संज्ञा रूढ केली. आपल्या शालेय पुस्तकांनी तिच्यासाठी 'विकर' हा सुटसुटीत शब्द दिला आहे आणि या लेखात तोच वापरला आहे.

निर्णायक प्रयोग झाला तो 1897 साली. एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर खलून, दाबून तिचा रस काढला. त्यात एकही जिवंत पेशी उरली नव्हती. तो रस टिकावा म्हणून त्यांनी त्यात साखर घातली. आणि काय आश्चर्य, तो रस फसफसू लागला! साखरेचा मद्यार्क होऊ लागला. याचा अर्थ असा, की आंबविण्याचे काम यीस्टच्या पेशीतील द्रव्ये करतात. पेशी हा त्यांचा कारखाना होय, पण कारखाना मोडला तरी हत्यारे काही काळ चालू राहतात. या शोधाबद्दल बुखनर यांना 1907 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ही हत्यारे कशाची बनलेली असतात, याचे उत्तर 1926 साली अमेरिकेतील जेम्स समनर यांनी दिले. कुमारवयात शिकारीतील अपघाताने डावा हात गमावलेल्या या संशोधकाने अबईच्या जातीच्या एका शेंगेच्या बियांतून 'युरिएज' हे विकर स्फटिकरूपाने वेगळे केले आणि ते प्रथिन असल्याचे दाखविले. कित्येक वर्षे नामांकित शास्त्रज्ञांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. 1946 साली त्यांनाही नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे काही विकरे आरएनए या द्रव्याची असतात असे आढळून आले; तथापि बहुतेक सर्व विकरे प्रथिनेच होत.

गाडग्यातील घडामोड

विकर काम कसे करते? एखादी रासायनिक क्रिया घडून येण्याजोगी असली तरी तिच्या वाटेत ऊर्जेचा एक घाट आडवा असतो. विकर त्या घाटातून खिंड काढून देते. रेणू त्या खिंडीतून सहज पलीकडे जातात आणि विकर मात्र होते तसेच राहून पुढच्या रेणूकडे वळते. म्हणूनच थोडक्या विकराला पुष्कळ काम करता येते. प्रत्येक विकराचे काम ठरलेले असते. 1894 साली एमिल फिशर यांनी त्याला कुलूप आणि किल्ली यांची उपमा दिली. विकराच्या पृष्ठभागावर एक विशिष्ट आकाराची खाच असते आणि तीत बसेल असाच रेणू तेथे स्वीकारला जातो. 1958 साली कोशलंड यांनी या उपमेत सुधारणा केली. ही खाच दगडासारखी ताठ नसते. हात घालताच हातमोज्याला आकार यावा, तशी ती रेणू येताच किंचित वळते.

आता आपल्या गाडग्याकडे येऊ. ताडाच्या फुलोऱ्यातून किंवा शिंदीच्या खोडातून झिरपणाऱ्या ताज्या रसात साधारण 10 ते 14 टक्के साखर असते आणि ती बहुतांशी आपल्या नेहमीच्या साखरेच्याच जातीची, म्हणजे सुक्रोज असते. हवेतून, माशांच्या पायांवरून, मागील दिवसाच्या गाडग्यातून यीस्ट त्यात येऊन पडते. तिचे 'इन्व्हर्टेज' नावाचे विकर सुक्रोजचे दोन तुकडे करते, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. मग यीस्टच्या पेशीतील डझनभर विकरांची साखळी त्या तुकड्यांपासून पायरीपायरीने मद्यार्क आणि कर्बवायू तयार करते. बुडबुडे येतात ते या वायूचे. आणखी वेळ गेला की जंतू मद्यार्काचेच आम्ल करू लागतात आणि ताडी आंबटढाण होते. अशा रीतीने नीरा, ताडी आणि शिर्का ही तीन वेगळी द्रव्ये नसून एकाच रसाच्या तीन अवस्था होत.

या अवस्थांतील अंतर कशावर अवलंबून असते? पहिली गोष्ट तापमान. सर्वसाधारणपणे 10 अंश सेल्सिअसने उष्णता वाढली की विकरांच्या क्रियेचा वेग सुमारे दुप्पट होतो. माघातल्या पहाटे 12-15 अंशांवर सुस्त असलेले यीस्टचे कारखाने उन्हात 30 अंशांच्या पुढे गेले की धावू लागतात. परंतु ही वाढ अमर्याद नसते. 55-60 अंशांच्या पुढे बहुतेक विकरांची घडी विस्कटते. उकडलेल्या अंड्याचा बलक पुन्हा पातळ होत नाही, तसे ते प्रथिन पूर्वपदावर येत नाही. रस उकळून गूळ करणारा माणूस नकळत हेच करीत असतो.

दुसरी गोष्ट आम्लता. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील सोरेन्सन यांनी 1909 साली आम्लता मोजण्याची जी पट्टी दिली, तिला आपण 'सामू' म्हणतो. शेतातील मातीच्या तपासणीमुळे हा शब्द आता बागाईतदारांनाही परिचित झाला आहे. परंतु त्याचा जन्म मातीसाठी झाला नव्हता; तो विकरांच्या अभ्यासातूनच झाला. सामू 7 म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर अल्कधर्मी. यीस्टचे इन्व्हर्टेज साडेचारच्या आसपासच्या सामूवर सर्वाधिक काम करते, जठरातील पेप्सिन 2 च्या जवळ, तर आतड्यातील ट्रिप्सिन 8 च्या जवळ. प्रत्येकाला आपापले हवामान लागते.

तिसरी गोष्ट म्हणजे ज्या पदार्थावर काम करावयाचे त्याचे प्रमाण. 1913 साली लिओनोर मिखाएलिस आणि कॅनडाहून बर्लिनला आलेल्या मॉड मेंटेन यांनी यासंबंधीचे गणित मांडले. साखर वाढवीत गेले की प्रथम वेग वाढतो. पण एका मर्यादेनंतर वाढत नाही, कारण सर्व खाचा भरलेल्या असतात. घाण्यावर बैल एकच असेल तर अंगणात तिळाची कितीही पोती येऊन पडली तरी तेल ठरल्या वेगानेच निघते, तसे हे आहे. विशेष असे, की मेंटेनबाईंनी हे गणित ज्या विकरावर बसविले ते इन्व्हर्टेजच होते. जीवरसायनशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात आढळणारे ते समीकरण आपल्या गाडग्यातील पहिल्याच पायरीतून जन्मले आहे.

आणि चौथी गोष्ट अवरोधकांची. विकराच्या खाचेत एखादे असे द्रव्य शिरते की जे किल्लीसारखे बसते, पण फिरत नाही. विकर अडकून पडते. या अवरोधकांकडे आपल्याला पुढे वालाच्या निमित्ताने परत यावयाचे आहे.

या सर्व गोष्टी समोर ठेवल्या म्हणजे नीरा काढणाऱ्यांचा जुना रिवाज किती विचारपूर्वक बसलेला आहे हे लक्षात येते. गाडगे संध्याकाळी टांगावयाचे, सूर्योदयापूर्वी उतरावयाचे, ते धुवून, धुरी देऊन घ्यावयाचे आणि आतून चुना लावावयाचा. धुण्याने व धुरीने यीस्टचे प्रमाण कमी होते, रात्रीच्या गारव्याने वेग मंदावतो आणि चुन्याने रस चांगलाच अल्कधर्मी होऊन यीस्टला व तिच्या विकरांना तेथे काम करणे अशक्य होते. सोरेन्सन यांची पट्टी निघण्याच्या कितीतरी आधी हे शास्त्र हातात मुरलेले होते. त्याला नावे तेवढी नव्हती.

कायद्याची रेषा आणि रसाची रेषा

सरकारला मात्र या रसात पोषणापेक्षा महसूल आणि नंतर नीतीचा प्रश्न दिसला. मुंबई इलाख्यात 1878 च्या अबकारी कायद्याने ताडी काढण्यासाठी परवाना आणि झाडामागे कर यांची घडी बसली. 1892 च्या मोहाविषयीच्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही बंधने आली. मध्यंतरी 26 डिसेंबर 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने जकात व मीठ यांच्या जोडीला अबकारीची व्यवस्थाही दोन्ही राज्यांत जुळवून घेण्याचे ठरले होते; तो करार 1892 साली संपुष्टात आला. स्वातंत्र्यानंतर 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने ताडी निषिद्ध ठरविली. परंतु नीरेला वेगळे स्थान दिले, आणि तिची व्याख्या केली ती न आंबलेला रस अशी. गांधीजींच्या प्रेरणेने 1934 साली वर्ध्यास निघालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने ताडगुळाच्या धंद्याला उत्तेजन दिले होते. त्या विचाराची छाया या व्याख्येवर दिसते.

आपल्या नगर हवेलीत त्या वेळी पोर्तुगीज अंमल होता आणि मुंबई राज्याची दारूबंदी येथे लागू नव्हती. म्हणजे एकाच पाड्यातील दोन झाडे सरहद्दीच्या दोन बाजूंना असली तर एकाच प्रकारचा रस एका बाजूस गुन्हा आणि दुसऱ्या बाजूस नित्याचे पेय ठरे. 1960 नंतर गुजरातने दारूबंदी चालू ठेवली, महाराष्ट्राने पुढे ती सैल केली आणि आपल्याकडे ती आलीच नाही. नकाशावरील रेषा ठळक असते. रसातील रेषा तशी नसते. ती दर घटकेला ऊन, चुना आणि गाडग्याची स्वच्छता यांप्रमाणे सरकत राहते. कायद्याने त्या सरकत्या रेषेवर अपराधाची खूण केली, आणि कायद्यापाठोपाठ समाजानेही. ताडाखाली उभा असलेला आदिवासी माणूस हा 'पिणारा' असतो, असे सभ्य घरांतून सर्रास धरले जाऊ लागले.

याच रसाकडे वेगळ्या दृष्टीने पाहणाऱ्या एका मराठी शास्त्रज्ञ स्त्रीची ओळख येथे करून द्यावयाची आहे.

कमला भागवत

डॉ. कमला सोहोनी या पूर्वाश्रमीच्या कमला भागवत. विख्यात विदुषी दुर्गा भागवत यांच्या त्या धाकट्या भगिनी. एका बहिणीने लोकसाहित्याचा आणि आदिवासी जीवनाचा शोध घेतला, दुसरीने लोकांच्या ताटाचा. 1911 साली इंदुरास त्यांचा जन्म झाला. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनज्ञ, बंगळूरच्या टाटा संस्थेत शिकलेले. 1933 साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या क्रमांकाने मिळवून त्याच संस्थेत संशोधनासाठी अर्ज करत्या झाल्या. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिक विजेते सर चंद्रशेखर वेंकट रामन. अर्जदार मुलगी आहे, या कारणास्तव त्यांनी प्रवेश नाकारला.

कमलाबाईंनी सत्याग्रहाचा मार्ग धरला आणि रामन यांना नमते घ्यावे लागले. प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष तात्पुरती विद्यार्थिनी म्हणून काढावयाचे, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करावयाचे आणि आपल्यामुळे प्रयोगशाळेतील वातावरण बिघडू द्यावयाचे नाही. त्यांनी या अटी पाळल्या. मात्र तो अपमान त्या कधी विसरल्या नाहीत आणि आयुष्याच्या अखेरीस एका सत्कारसमारंभात तो त्यांनी स्पष्ट शब्दांत बोलूनही दाखविला. श्रीनिवासय्या या मार्गदर्शकांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. 1936 साली एम.एस्सी. झाली, आणि तोपर्यंत रामन यांचे मत पालटले होते. त्यानंतर संस्थेची दारे मुलींना उघडली.

पुढे त्या केंब्रिजला गेल्या. सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्यामुळे त्या काळी ते जीवरसायनशास्त्राचे मोठे पीठ बनले होते. तेथे प्रथम डेरेक रिक्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर त्यांनी काम केले. बटाट्याच्या ऊतींत त्यांना 'सायटोक्रोम सी' हे प्रथिन आढळले. हे स्वतः विकर नव्हे. श्वसनाच्या साखळीतील विकरांमध्ये इलेक्ट्रॉनांची ने-आण करणारा तो हमाल होय. तो वनस्पतींतही असतो हे त्यांच्या कामातून दिसून आले. म्हणजे श्वास घेण्याची आतली व्यवस्था माणसात आणि बटाट्यात मुळात एकच आहे. हिल यांच्यासह लिहिलेली ही नोंद 1939 साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाली. अवघ्या चौदा महिन्यांत, चाळीसएक पानांच्या प्रबंधावर त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक होत.

1939 साली त्या मायदेशी परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंज महाविद्यालय, कुन्नूरची पोषणसंशोधन प्रयोगशाळा असा प्रवास करून, 1947 साली श्री. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या आणि तेथील विज्ञान संस्थेत जीवरसायनाच्या प्राध्यापक झाल्या.

वालाची गोष्ट

नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामाची जी वर्षे, तीच कमलाबाईंच्या विज्ञान संस्थेतील भरभराटीची. 1954 आणि 1955 साली भारतीय खाद्यपदार्थांतील ट्रिप्सिन-अवरोधकांवरील त्यांचे लेख प्रसिद्ध झाले. 1955 साली 'नेचर'मध्ये त्यांनी एका सहकाऱ्यासह कळविले, की वाल आणि डबल बी या दोन कडधान्यांतून ट्रिप्सिनचे अवरोधक स्फटिकरूपाने वेगळे करण्यात यश आले आहे. दहा वर्षांपूर्वी अमेरिकेत कुनिट्झ यांनी सोयाबीनच्या बाबतीत जे केले होते, ते येथे आपल्या घरच्या वालाच्या बाबतीत झाले.

याचे महत्त्व काय? ट्रिप्सिन हे आपल्या आतड्यात प्रथिने तोडणारे विकर. वालात प्रथिने भरपूर. पण त्याच दाण्यात त्या प्रथिनांच्या पचनाला अडविणारे द्रव्यही असते. ते ट्रिप्सिनच्या खाचेत घट्ट बसते आणि त्याला काम करू देत नाही. किडीपासून व जनावरांपासून दाण्याचे रक्षण व्हावे, हा झाडाच्या दृष्टीने त्याचा एक उपयोग असावा. माणसाच्या दृष्टीने मात्र कच्चा किंवा अर्धाकच्चा वाल म्हणजे भरलेले कोठार आणि कुलूप लावलेले दार. गरिबाच्या घरी डाळी हाच प्रथिनांचा मुख्य आधार असताना, ताटात किती प्रथिन आहे एवढेच मोजून भागत नाही. त्यातील किती अंगी लागते हे पाहावे लागते.

येथे आपल्या बिरड्याची पद्धत आठवावी. वाल रात्री भिजत घालावयाचे, फडक्यात बांधून मोड आणावयाचे, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलावयाचा आणि मग चांगला शिजवावयाचा. भिजविण्याने काही नको असलेली द्रव्ये पाण्यात उतरतात. मोड येताना दाण्यातील स्वतःची विकरे जागी होऊन साठा फोडू लागतात. आणि ओल्या उष्णतेने अवरोधकाची प्रथिनघडी मोठ्या प्रमाणात विस्कटते. यांत शिजविण्याचा वाटा सर्वांत मोठा. म्हणून इंधन वाचविण्यासाठी कडधान्य अर्धवट शिजविणे हा खोटा काटकसरीपणा होय. माझी आजी दाताखाली कचकचणारा एकही दाणा सहन करीत नसे. तिचा आग्रह चवीचा होता. परंतु प्रयोगशाळेनेही अखेर त्याच आग्रहावर शिक्कामोर्तब केले.

पुन्हा नीरा

राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेचे संशोधन हाती घेतले. नीरेत अ आणि क जीवनसत्त्वे व लोह ही पोषकद्रव्ये असतात आणि ताडगूळ व काकवी यांसारख्या आटविलेल्या पदार्थांतही ती टिकून राहतात, असे त्यांना दिसून आले. कुपोषित आदिवासी मुलामुलींच्या आणि गरोदर स्त्रियांच्या आहारात नीरेची जोड दिल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा झाल्याचेही आढळले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

नीरा हे सर्व रोगांवरचे औषध नव्हे. तिच्यात साखर पुष्कळ आहे आणि मधुमेह असणाऱ्याने ती जपूनच घ्यावी. तिची खरी अडचण आजही तीच आहे, जी आमच्या आजोबांच्या ओटीवर होती. थंडावा राखला नाही तर ती काही तासांतच बदलू लागते. विकरांशी ही शर्यत आहे, आणि त्यात झाडावर चढणारा माणूस एकटा पडतो. झाडापासून पेल्यापर्यंत गारवा, स्वच्छता आणि योग्य प्रमाणातील चुना यांची साखळी राखली गेली तरच हे पेय कुपोषित मुलापर्यंत नीरा म्हणून पोहोचते. कमलाबाईंच्या संशोधनाचा व्यवहारातील अर्थ हा असा आहे.

संशोधनाचा मान मोठा असला तरी वाट सरळ नव्हती. संस्थेच्या संचालकपदावर त्यांची नेमणूक अंतर्गत राजकारणापायी चार वर्षे रखडली. ती अखेर झाली. ग्राहकांच्या चळवळीतही त्यांनी उतारवयात काम केले. 1982-83 मध्ये भारतीय ग्राहक मार्गदर्शन संस्थेच्या त्या अध्यक्षा होत्या. 1998 साली दिल्लीत त्यांच्या सन्मानार्थ योजिलेल्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच अवधीत त्यांचे निधन झाले.

समारोप

दादरा व नगर हवेलीचा कारभार 2020 पासून दमण व दीवच्या कारभारात विलीन झाला आहे. आपल्या घरांतील पुढील पिढ्या वापी, सुरत, मुंबई येथे विखुरल्या आहेत. तहाची आणि मुक्तीची वर्षे त्यांना कोणीतरी सांगेल. ती पुस्तकांत आहेत. ज्या ताडाखालून आणि ज्या चुलीजवळून आपण वाढलो, तेथील ज्ञानाची नोंद मात्र आपणच केली पाहिजे. त्या ज्ञानात वारली, कोकणा, धोडिया यांच्या हातांचा वाटा आपल्यापेक्षा मोठा आहे, हेही त्या नोंदीत स्पष्ट लिहिले पाहिजे.

रामन यांनी अर्जदाराचे काम न पाहता अर्जदार स्त्री आहे एवढे पाहिले. आमच्या आजोबांनी उन्हाचा विचार न करता आणणारा कोण आहे एवढे पाहिले. त्यांपैकी पहिल्याने आपले मत बदलले, कारण तीन वर्षे समोर काम करून दाखविणारी व्यक्ती तेथे होती. दुसऱ्याला तशी संधीच मिळाली नाही. काका परत आले नाहीत. त्या सकाळी गाडग्यात कोणी लबाडी केली नव्हती. ऊन वर आले होते, चुना कदाचित थोडा कमी पडला होता, आणि यीस्टमधील विकरे आपले काम करीत होती. माणूस खरे बोलत होता. आजोबांच्या वतीने एवढे लिहून ठेवणे हे त्यांच्या नातवाचे कर्तव्य आहे, आणि ते आज, उशिराने का होईना, पार पाडीत आहे.